धरणावरच्या संडासाची चावी

माझ्या उजव्या हाताचा अंगठा पुरता वाकत नाही. पेन मी पहिल्या दोन बोटांत धरून लिहितो, म्हणून अक्षर असं तिरपं येतं. हा अंगठा माझ्या बायकोने फावड्याच्या दांड्याने मोडला, भर रविवारी, धरणावर जमलेल्या सगळ्या पाव्हण्यांच्या देखत. इतकी वर्षं कोणी विचारलं की मी सांगायचो, बैलाने मारलं. आता सत्तरी उलटली. त्या बिचाऱ्या बैलाला आणखी किती दिवस बदनाम करायचं?

आमचं गाव कर्जतच्या पुढे, रेल्वे घाट चढायला लागते त्याच्या पायथ्याशी. तालुका खालापूर. गावाच्या वरच्या अंगाला एक लहान धरण आहे आणि धरणाखाली सरकारने कधीतरी आंबे, गुलमोहर लावून बाग केली होती. पाणी, झाडं आणि मागे डोंगर. एवढ्यावर मुंबईची माणसं खूश व्हायची. रविवारी सकाळी त्यांचे घोळके यायचे ते स्टोव्ह, ट्रान्झिस्टर आणि उलट्या टांगलेल्या कोंबड्या घेऊन. संध्याकाळी जायचे तेव्हा मागे पिसं, फुटक्या बाटल्या आणि एखादा बेशुद्ध माणूस सोडून जायचे.

त्या बागेचा चौकीदार मी. सातवी पास होतो, म्हणून मला घेतलं. खाकी कपडे, शिट्टी आणि एक काठी मिळाली. काठी द्यायला नको होती. माझं टाळकं लवकर सरकतं. आमच्या घरात हा गुण वडिलार्जित आहे, जमिनीसारखा, फक्त त्याच्या वाटण्या झाल्या नाहीत, प्रत्येकाला सगळाच मिळाला. दर रविवारी माझी एक तरी मारामारी ठरलेली. पाण्यात बाटली फोडणाऱ्याला मी बडवला आहे, आंब्याच्या फांदीला लोंबकळणाऱ्याला खाली ओढून त्याच्या पाठीत घातल्या आहेत. एकदा चौघांनी मिळून मला धरणाच्या सांडव्यावरून ढकललं, तेव्हा मी वर येऊन त्यातल्या दोघांचे दात पाडले. साहेब लोक म्हणायचे, कडक माणूस आहे. मला ते फार आवडायचं.

त्या पाव्हण्यांत बायकाही असायच्या आणि त्यांचे खरंच हाल होते. संडास नाही, आडोसा नाही. चारजणी लुगडी धरून उभ्या राहायच्या आणि पाचवी मध्ये बसायची. मग पेपरात कोणीतरी पत्रं लिहिली असावीत. आणीबाणीच्या आधीच्या त्या वर्षांत एका माघात खात्याचा ओव्हरसियर जीपमधून आला, नकाशा बोनेटवर पसरला आणि म्हणाला, "बागेची सुधारणा मंजूर झाली. दगडी पायऱ्या, सिमेंटची बाकं, प्यायच्या पाण्याचे नळ, बायकांसाठी चार संडास आणि कपडे बदलायची एक खोली." माणूस तरुण होता, हुशार होता, वाईट नव्हता. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याच्यावर सगळं ढकलायचा मोह होतो.

आता त्या झाडीबद्दल सांगायला हवं. धरणाखालून जो वढा निघतो त्याच्या काठाला निर्गुडी, करवंद आणि कुड्याची दाट झाडी होती. ती गावातल्या बायांची. सकाळी दिवस उगवायच्या आधी आणि संध्याकाळी दिवेलागणीला बाया टमरेल घेऊन तिकडे जायच्या. तिला नाव नव्हतं. "पल्याड जाऊन येते" एवढंच म्हणायच्या. पुरुष तिकडे जात नसत. गुरं शिरली तर गुराखी लांब उभा राहून आरोळ्या मारायचा, आत पाऊल टाकायचा नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तिच्यात कोयता चालायचा नाही. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी त्या तुकड्यावर झाडांचे टाळ म्हणजे छाटलेल्या फांद्या, पाला, शेण, गवत अंथरून जाळतात. त्याला राब म्हणतात. राबासाठी आम्ही अख्खा डोंगर बोडका करायचो, ऐनाचं झाड खांबासारखं तासून ठेवायचो, पण वढ्याकाठच्या त्या झाडीची एक काडी कोणी तोडली नव्हती. हा नियम कोणी केला नव्हता आणि कोणी मोठ्याने बोललाही नव्हता.

ओव्हरसियरने नकाशावर बोट ठेवलं ते नेमकं तिथे. "इथून पाणी काय सुंदर दिसेल! हे रान साफ करा. बाकं इथे बसतील." मग मला विचारलं, "जमीन कोणाची?"

"सरकारची," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"काही अडचण?"

पुढच्या सगळ्या वाटोळ्याचं मूळ या ठिकाणी आहे. मला म्हणता आलं नाही. तो इस्त्रीच्या पँटमधला, चष्मेवाला माणूस, त्याला मी काय सांगणार, की साहेब, इथे आमच्या बायका बसतात? माझ्या जिभेला ते वळेचना. माझ्याबरोबर गावातले बाराजण रोजावर आले होते. एकेकाच्या तोंडाकडे मी बघितलं. सगळे जमिनीकडे बघत होते. "नाही साहेब, अडचण कसली," मी म्हणालो.

कोयते घेऊन आम्ही झाडीपाशी उभे राहिलो आणि कोणी हात उचलेना. एकजण बिडी पेटवू लागला, एकजण कोयत्याला धार लावू लागला, जी सकाळीच लावली होती. ओव्हरसियरला कळेना काय झालं. तो हसून म्हणाला, "भुताला घाबरता काय रे?" मला त्या हसण्याचा राग आला. आणि माझा राग मला कुठेतरी काढावाच लागतो. मी पहिला कोयता घातला, निर्गुडीच्या एका जाडजूड बुंध्यावर. मग बाकीचे तुटून पडले. माझ्या आयुष्यात मी माणसांना इतक्या त्वेषाने झाड तोडताना बघितलं नाही. करवंदीच्या काट्यांनी हात रक्ताने भरले, तरी थांबायचं नाव नाही. दुपारपर्यंत वढ्याचा काठ भादरल्यासारखा झाला.

आणि मग आम्ही काय केलं? एवढा टाळ फुकट का घालवायचा म्हणून भारे बांधले आणि आपापल्या राबावर नेऊन टाकले.

घरी आलो तर बायको अंगणात उभी. बातमी आधीच पोचली होती. तिने माझ्या कमरेचा कोयता उपसला आणि मी काही बोलायच्या आत दारातल्या पाटावर असा हाणला की पातं रुतून बसलं.

"उद्या सकाळी आमी कुठं जायाचं?"

"आता संडास बांधणार हायत."

"उद्या सकाळी म्हनते मी!"

मी ओरडलो, तीही ओरडली. मधे आमची काकी आली, नाहीतर तो कोयता पुन्हा पाटातून निघाला असता. काकी म्हणजे माझी चुलती. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. तिला तेव्हा एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्यानेही जेमतेमच. ती फक्त एवढं म्हणाली, "तुला तोंड नव्हतं का रं?"

दुसऱ्या दिवसापासून बाया रेल्वेलाईन ओलांडून पलीकडच्या घळीत जायला लागल्या. तिथे झुडपं होती, पण विरळ. लाईनीवरून रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगची माणसं जायची, इंजिनातले लोक शिट्ट्या मारायचे, एकदा कोणीतरी चालत्या मालगाडीतून दगड भिरकावला तो एका पोरीच्या खांद्याला लागला. आम्ही पुरुष काठ्या घेऊन लाईनीवर गेलो आणि पहिला जो गँगवाला दिसला त्याला मारला. त्याचा काही संबंध नव्हता. बाया त्यानंतर आम्हाला काही सांगेनाशा झाल्या.

शिमगा झाला आणि राब पेटले. निर्गुडीच्या धुराला औषधी वास असतो, अंग दुखलं की तिच्याच पाल्याने आम्ही शेकतो. तो वास गावभर दोन दिवस भरून राहिला. काकी ओट्यावर बसून पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं धुराने पुसते आहे. "बायांची लाज हाय ती," ती म्हणाली, "आनि घरच्याच गड्यांनी जाळली." मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला राग आला.

पाऊस लागला, रोप उगवलं, आणि त्या वर्षी रोप असं उठलं की काय सांगू. हिरवंगार, दाट. आवणीचे दिवस आले. आमच्याकडे गड्यांनी नांगर धरून चिखल करायचा आणि बायांनी रोप काढून लावायचं, अशी कामाची रीत. आम्ही चिखल करून उभे राहिलो आणि एकही बाई रोपाला हात लावेना. बांधावर ओळीने इरली घेऊन बसल्या.

"त्या राबावरचं रोप आमी नाय उपटायचो," माझी बायको म्हणाली. पुढारी तीच होती. "तुमी जाळलंत, तुमीच लावा."

पहिल्या दिवशी आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी हात उचलले. एकाने बायकोला केसाला धरून बांधावरून चिखलात ओढलं. तिने मूठभर चिखल त्याच्या डोळ्यांत घातला आणि त्याच्या मनगटाला चावली ती रक्त येईपर्यंत सोडली नाही. दुसऱ्याने औताची दोरी काढून मारलं, तर चार बायांनी त्याला पालथा पाडून इरल्यांनी बदडला. शेतात पावसाच्या आवाजातूनही किंकाळ्या ऐकू येत होत्या आणि बैल जू घेऊन पळत सुटले होते. मीही मागे नव्हतो. बायकोच्या दंडाला धरून मी तिला रोपात ढकलली आणि तिचं तोंड रोपावर दाबलं, जसं वासराचं दाबतात. ती श्वास घ्यायला उठली आणि मला म्हणाली, "दाब अजून." लग्न झाल्यापासून तिने मला पहिल्यांदाच एकेरीत हाक मारली होती.

आम्ही स्वतः रोप काढायला बसलो. निम्मं मुळातून तुटलं. आणि रोप जून व्हायला लागलं होतं. जून रोपाला फुटवे येत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पाचव्या दिवशी सगळे मारुतीच्या देवळापुढे जमले. शेवटी मीच उठलो. म्हणालो, "धरणावर संडास होतायत. चार. विलायती फरशीचे. कुलूप लागेल आणि चावी माझ्याकडं राहील. संडास झाला की मी तो तुमाला उघडून देईन. रोज, सकाळ-संध्याकाळ. मारुतीच्या पायाशी सांगतो."

बाया हसल्या, वाईट हसल्या. तेव्हा माझी बायको उठली. तिचा एक गाल सुजलेला, माझ्यामुळे. ती म्हणाली, "माज्या नवऱ्याचा शब्द हाय. त्यानं नाय पाळला तर माज्या तोंडावर थुका." काकीने तिचा हात धरून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी आवणी लागली. तिने माझ्यासाठी स्वतःचं तोंड गहाण टाकलं होतं आणि मला वाटलं, सुटलो एकदाचा.

भात चांगलं पिकलं. दिवाळीनंतर संडासही झाले. आत पांढऱ्या फरशा, चिनीमातीची भांडी, वर पाण्याची टाकी, बाहेर लाल पत्रा. आमच्या कोणाच्या घरात इतकी स्वच्छ भिंत नव्हती. ओव्हरसियरने माझ्या हातात चावीचा जुडगा दिला आणि दारावर पाटी ठोकून घेतली, फक्त पर्यटकांसाठी. शनिवारी दुपारी उघडायचे, रविवारी संध्याकाळी धुऊन बंद करायचे. "गावातल्या कोणालाही वापरू देऊ नका," तो म्हणाला. "टाकीचं पाणी पुरणार नाही. वरून तपासणी आली आणि घाण दिसली, तर तुमची नोकरी माझ्या हातात नाही."

मी तेव्हा तरी बोलायचं होतं. नाही बोललो.

पहिल्या सोमवारी पहाटे बाया आल्या. मी म्हणालो, आज फरशी ओली आहे. मंगळवारी म्हणालो, साहेब येणार आहेत. मग म्हणालो, पाणी चढलं नाही, कुलूप गंजलं, चावी घरी राहिली. चावी कमरेला खुळखुळत असायची आणि मी हे बोलायचो. महिनाभर असं चाललं. बाया लाईनीपलीकडेच जात राहिल्या आणि पाणवठ्यावर माझ्या बायकोशी कोणी बोलेनाशी झाली. तिचा हंडा शेवटी भरायचा. एकीने खरोखरच तिच्या पायाशी थुंकलं. ती घरी येऊन भाकरी थापत बसली.

तो रविवार मार्गशीर्षातला. बाग फुलून गेली होती. संडासाबाहेर पाव्हण्या बायकांची रांग. मी शिट्टी तोंडात धरून रांग लावत होतो, आणि वाटेवरून माझी बायको आली. मागे काकी आणि पाच-सहा बाया, प्रत्येकीच्या हातात टमरेल. त्या रांगेत उभ्या राहिल्या. नायलॉनच्या साड्यांमागे आमची नऊवारी लुगडी. एक पाव्हणी नाकाला रुमाल लावून बाजूला सरकली.

मी जवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणालो, "घरी जा."

"आज उघडं हाय," ती मोठ्याने म्हणाली.

"हे पाव्हण्यांसाठी हाय."

"देवळात काय बोलला होतात?"

लोक बघायला लागले. एक ट्रान्झिस्टर बंद झाला. "अवो, सांगा की सगळ्यांना," ती म्हणाली, "तुमच्या बायकोनं हागायचं कुठं?"

जो शब्द मला ओव्हरसियरपुढे उच्चारता आला नव्हता, तो तिने अख्ख्या मुंबईपुढे उच्चारला. माझ्या डोक्यात सणक गेली. मी तिच्या तोंडात मारली. हातात चावीचा जुडगा होता हे माझ्या ध्यानात नव्हतं. नंतर मी हे सगळ्यांना सांगितलं. खरं तर होतं ध्यानात. चावीने तिची भुवई फाटली आणि कानातलं फूल पाळी फाडून खाली आलं.

ती पडली नाही. बाजूला गवंड्यांचं फावडं टेकून ठेवलेलं होतं ते तिने उचललं. मी हात वर केला, वाचवायला की पुन्हा मारायला ते देव जाणे, आणि दांडा अंगठ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा फटका खांद्यावर, तिसरा गुडघ्यावर. मी खाली बसलो. मागच्या बायांनी टमरेलं फेकली, मग दगड उचलले. पांढऱ्या फरशा फुटायला लागल्या, पत्र्यावर दगड दणाणले, पाव्हण्या किंचाळत पळाल्या. एक पाव्हणा धावत आला, मला वाटलं सोडवायला आला. त्याने माझ्या मुस्काटात दिली आणि म्हणाला, "बायकोवर हात टाकतो हरामखोर." त्याला आमच्या गावच्या एकाने धरून नळाच्या हौदात बुडवला. तासभर नुसती हाणामारी चालली होती. कोण कोणाच्या बाजूने आहे, हे मारणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

खालापूरहून पोलीस आले. मी जबानी दिली की दारुड्या पाव्हण्यांनी मोडतोड केली आणि मी पायरीवरून पडलो. माझी नोकरी टिकली. बायकोच्या भुवईला कर्जतला टाके घातले. कानाची पाळी तशीच दुभंगून राहिली. तिने माझ्याशी बोलणं टाकलं. जेवण वाढायची, पण बोलायचं झालं तर काकीला सांगायची, "त्यांना म्हनावं, मीठ कमी असंल तर घ्या."

फरशा दुरुस्त झाल्या. कुलूप पुन्हा लागलं. बाया लाईनीपलीकडे.

पौषात आमच्याकडे सकाळचं धुकं असं पडतं की पुढची माणसं दिसत नाहीत. घाटात गाडीला मागून ढकलायला जी इंजिनं लावतात, त्यांना आम्ही बँकर म्हणतो. गाडी वर पोचवली की बँकर मोकळंच उतरून कर्जतकडे येतं. विजेवरचं, उतारावरचं, त्याला आवाज तो काय! त्या सकाळी ठाकूरवाडीच्या बाजूने असं एक इंजिन खाली आलं, तेव्हा बाया लाईन ओलांडून परत येत होत्या. बायकोने काकीचा हात धरला होता. शिट्टी ऐकली तेव्हा इंजिन अंगावर होतं. बायकोने काकीला ओढलं, काकी रुळाला अडखळली, आणि इंजिनाच्या पायरीने तिच्या कमरेत धडक दिली. ती लाईनीच्या कडेला खडीवर जाऊन पडली.

मी पोचलो तेव्हा बायको तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. काकी शुद्धीत होती. तिचं लुगडं वर गेलं होतं आणि ती एका हाताने ते खाली ओढत होती, पुन्हा पुन्हा, मोडलेल्या कमरेने. मला बघून तिने तोंड फिरवलं. मी तिला उचललं. ती फार हलकी होती.

तिला कर्जतच्या दवाखान्यात ठेवून दुपारी मी परत आलो आणि तसाच धरणावर गेलो. चावी कमरेला होती. मी चावी लावली नाही. पहार घेतली, डाव्या हाताने, कारण उजवा प्लास्टरमध्ये होता, आणि चारही दारांची कुलपं कोयंड्यासकट उखडली. मग पाटी. मग कपडे बदलायच्या खोलीची कडी. मी रडत होतो आणि शिव्या देत होतो, कोणाला ते मला ठाऊक नाही. कुलपं, पाटी आणि चावीचा जुडगा धरणात फेकून दिला. रात्र व्हायच्या आत गावभर झालं.

दोन दिवसांनी ओव्हरसियर आला. संडासापुढे गावातल्या सगळ्या बाया कोयते घेऊन बसल्या होत्या, माझी बायको सोडून. तो जीपमधून उतरला, त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी त्याला सगळं सांगितलं. झाडीपासून. मोठ्याने, त्या शब्दासकट. त्याने चष्मा काढून पुसला.

"मला त्या दिवशी सांगायचं होतंत," तो म्हणाला. "बाकं काय, कुठेही टाकली असती. पन्नास पावलं अलीकडे टाकली असती."

मला त्याला मारावंसं वाटलं, इतकं ते साधं होतं. त्याने अहवालात काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण कुलूप पुन्हा आलं नाही आणि मला कोणी काढलं नाही.

काकी घरी आली ती खाटेवरच. कंबर जुळण्याचं वय नव्हतं. पहिल्या सकाळी बायकोने माझ्यापुढे पत्र्याचं भांडं ठेवलं. दोन महिन्यांनी ती माझ्याशी थेट बोलली. "आता तुमी करा," ती म्हणाली. "मी नाय शिवायची."

मी केलं. रोज सकाळ-संध्याकाळ. ज्या गोष्टीचं मला नाव घेववत नव्हतं, ती मी या हातांनी केली, मोडक्या अंगठ्याने. काकी भिंतीकडे तोंड करून पडायची. सुरुवातीला रडायची, "तू नको रं, तुला मी धुतलाय," म्हणायची. नंतर गप्प झाली. मृगाच्या आधी गेली. मरताना तिने कोणाला माफ वगैरे केलं नाही. एवढंच म्हणाली, "माजं लुगडं सारकं कर."

गावातल्या बाया तेव्हापासून धरणावरचे संडास वापरू लागल्या. पाणी भरायला त्यांनी पाळ्या लावल्या आणि पाव्हण्यांपेक्षा स्वच्छ ठेवले. पुढे खात्याने आणखी चार बांधून दिले. माझी बायको मात्र तिथे एकदाही गेली नाही. माझ्याशी ती हळूहळू बोलू लागली, आम्हाला मुलं झाली, पण पहाटे ती टमरेल घेऊन उठायची आणि एकटी लाईन ओलांडून जायची. पावसात, थंडीत, पोटुशी असताना. मी ओट्यावर उभा राहून तिच्या पावलांचा कानोसा घ्यायचो आणि घाटातून इंजिन येतंय का ऐकायचो. ती परत येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा. तिला ते माहीत होतं. अशी दहा-अकरा वर्षं.

मग एका उन्हाळ्यात मी आमच्या परसात खड्डा खणला. गावातला घरचा पहिला संडास. गवंडी लावला नाही, सगळं स्वतः केलं. फरशी आणली, भांडं बसवलं, पत्रा चढवला. दार सुताराकडून करून घेतलं. ती रोज येता-जाता बघायची. झालं त्या संध्याकाळी ती हात पुसत परसात आली, दाराला बाहेरून चाचपलं, वर-खाली बघितलं.

"कुलूप कुठं लावायचं?"

"बाहेरनं काय नाय," मी म्हणालो. "कडी आतनंच हाय."

ती आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. मी तिथेच उभा होतो, तर आतून म्हणाली, "लांब व्हा." मी विहिरीपाशी जाऊन उभा राहिलो. ती बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच. तिने बादलीत हात धुतले, माझ्याजवळ आली, माझा उजवा हात उचलला आणि अंगठा मागे-पुढे करून बघितला.

"दुखतो का अजून?"

"थंडीत दुखतो."

"दुखू दे," ती म्हणाली, आणि हात सोडून घरात गेली.